पायरीवरचं शून्य

धुकं इतकं दाट होतं की आवाज आधी आला आणि माणूस मागून.

"अहो… जरा ही पट्टी धरता का? एकच मिनिट."

ती घराच्या पायरीवर उभी राहून चपलेचा पट्टा लावत होती. ऑफिसला उशीर झालेला, त्यात डबा विसरला म्हणून एकदा आत जाऊन आलेली. मान वर करून पाहते तो समोर माणसाहून दुप्पट उंच, काळेपांढरे आकडे रंगवलेली पट्टी, आणि पट्टीमागे ओल्या केसांचा एक तरुण. रस्त्यापलीकडे तिपाईवर दुर्बिणीसारखं एक यंत्र उभं होतं.

"माझे पट्टीवाले काका गुडघा धरून बसलेत, पुढच्या चौकात भेटणार आहेत," तो म्हणाला. "पहिला आकडा तेवढा घ्यायचाय. पट्टी सरळ धरा फक्त."

माणूस इतक्या हक्काने काम सांगतो तेव्हा नाही म्हणायलाही वेळ लागतो. तेवढ्या वेळात तो रस्ता ओलांडून यंत्राला डोळा लावून बसलाही.

"सरळ आहे का?" तिने ओरडून विचारलं.

"पट्टी सरळ आहे. तुम्ही वाकड्या आहात!"

"काय?"

"म्हणजे उभ्या वाकड्या आहात. आणि तशाही उलट्याच दिसताय. जुनं यंत्र आहे, यात माणसं डोकं खाली पाय वर दिसतात."

"मग वाचता कसं?"

"सवय झालीये. आता सरळ माणसंच ओळखू येत नाहीत."

तिला हसू आलं, पण हसलं की पट्टी हलते हे पहिल्याच मिनिटाला कळलं. पट्टी परत घ्यायला आला तेव्हा त्याने आपण होऊन माहिती पुरवली. गावाखाली जुनी खाण आहे, ती बंद होऊन जमाना झाला, पण काही गल्ल्या खचायला लागल्यात. म्हणून नगर कार्यालयाने घरन् घर मोजायला काढलंय. सगळे आकडे एका पोर्टलवर जाणार.

"कोणी नकाशाबाई बनवतायत ते पोर्टल," तो पुढे म्हणाला. "रोज संध्याकाळी त्यांना आकडे पाठवायचे. फार खडूस आहेत म्हणे. एक रकाना रिकामा राहिला तरी अख्खी यादी परत पाठवतात."

"असं?" ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "मग आज एकही रकाना रिकामा ठेवू नका. नकाशाबाईंना उशीर झालाय, त्यात त्या आणखी खडूस होतात."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. पण धुक्याने तेवढ्यात तो गिळून टाकला आणि तिची गंमत हुकली.

दुसऱ्या दिवशी मात्र ती पाच मिनिटं आधी तयार झाली. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. बाहेर आली तर मोजणीदार पायरीवर उकिडवा बसून दगडात एक पितळी खिळा ठोकत होता, आणि तिचे बाबा दारात उभे राहून त्याला हातोडी कशी धरायची ते शिकवत होते. बाबांचा जन्म त्या खाणीत गेला. तीस वर्षं खाली उतरले, वर आले ते कायमचा खोकला आणि अर्धवट ऐकू येणारे कान घेऊन. आई गेल्यापासून ते या घराबाहेर सहसा पडत नसत.

"रोजची मोजणी आता इथूनच सुरू करणार म्हणतोय," बाबा म्हणाले. "आणि संध्याकाळी इथेच संपवणार. दगड पक्का आहे आपला."

"दगड पक्का आहे," मोजणीदाराने खाली मान घालून री ओढली. त्याचे कान लाल झाले होते. थंडी होतीच म्हणा.

*

मग रोजच सुरू झालं. सकाळी आठला पहिला आकडा, संध्याकाळी सहाला शेवटचा, आणि दोन्ही वेळा पट्टी धरायला ती. काकांचा गुडघा बाकी गावभर चालायचा, या एका पायरीशी आला की दुखायचा. काका शहाणे होते.

ऑफिसात ती पोर्टल उभं करत होती. सगळ्यात खाली खाणीचा जुना नकाशा, त्यावर घरं, त्यावर गटारं आणि पाण्याच्या वाटा, सगळ्यांवर मोजणीचे ठिपके. उद्या कोणीही उठून आपल्या घरावर बोट ठेवावं आणि घर किती खचलं, किती वेगाने खचतंय, भिंतीची चीर पाण्याने पडली की खाणीने, ते त्याला कळावं. कुठली घरं रिकामी करायची हेही त्यावरूनच ठरणार होतं. खाली जाणारं घर लाल, जागच्या जागी असलेलं निळं. पिवळा रंग तिने नावापुरता ठेवला होता, वर येणाऱ्या घरांसाठी. घर वर कशाला येतंय!

मोजणीच्या यादीत शेवटी एक 'शेरा' नावाचा रकाना होता. भिंतीला चीर, पायाशी ओल, असलं काही लिहायला. एका संध्याकाळी तिने तो उघडला.

'पट्टी धरणारीला जांभई आली. आकडा हलला.'

तिने उलट निरोप पाठवला, 'हा रकाना उद्या जनतेला दिसणार आहे. कामाचं लिहा.'

दुसऱ्या दिवशीचा शेरा आला, 'आज निळा स्वेटर होता. आकडा तीनदा वाचावा लागला. कामाचंच लिहिलंय.'

ती एकटीच हसली. समोर बसणाऱ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, तेव्हा तिने घाईघाईने खाणीचा नकाशा मोठा केला.

एक सांगायला हवं. असं हसू येत असलं की माणूस बाकीचं पाहत नाही. घरात काय काय होत होतं, ते तिने पाहिलं पण मनावर घेतलं नाही. न्हाणीघराचं दार लावलं की आपोआप उघडायचं, सावकाश, कुणीतरी डोकावून पाहावं तसं. दमट हवेने लाकूड फुगलं असेल. बाबांची गोळी टेबलावर ठेवली की घरंगळत नेमकी एकाच कोपऱ्यात जायची. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ रोज थांबायचं, आणि बाबा रोज स्टुलावर चढून ते सरळ करायचे. दुसऱ्या दिवशी ते परत वाकडं.

आणि दुपारी चारच्या सुमारास टिचक्या ऐकू यायच्या. ठक, ठक, ठक. तीनच.

पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा ती सुट्टीच्या दिवशी घरी होती. दार उघडलं तर बाहेर कोणी नाही, नुसती भुरभुर पावसाची आणि रिकामा रस्ता.

"दारावर नाहीत त्या," बाबा खुर्चीतून म्हणाले. "खाली आहेत."

"खाली कोण असणार, बाबा?"

"खाणीत पाळण्यातून, म्हणजे माणसं वरखाली नेणाऱ्या पिंजऱ्यातून, वर यायचं असलं की लोखंडी नळीवर वाजवायचं. एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे खाली सोडा. तीन म्हणजे माणूस आहे, वर घ्या." त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "तीन वाजवतायत."

बाबांना बाहेरचं धड ऐकू येत नाही, आणि हे ऐकू येतं! पण तिने स्वतःही ऐकल्या होत्या, मग बाबांना भ्रम झालाय असंही म्हणता येईना.

संध्याकाळी मोजणीदार आला तेव्हा तिने ते हसत हसत सांगितलं. भीती हसून सांगितली की अर्धी होते असं म्हणतात. त्याने पितळी खिळ्यावर पट्टी ठेवता ठेवता विचारलं, "तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते. तुम्हाला?"

"मला इथे दुसरीच वाटते," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी काकांचा गुडघा बरा होईल अशी."

*

अकराव्या आठवड्यात नकाशावर पिवळा रंग आला.

आधी गावाच्या कडेला, मग बाजारात, मग दवाखान्यापर्यंत. सतराव्या आठवड्यात अख्खं गाव पिवळं झालं. आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर सगळं गाव हळूहळू वर येत होतं. रस्ते, शाळा, पाण्याची टाकी, सगळं. तिच्या गल्लीचा आसपास सोडला की सगळं जवळपास सारखंच वर. जणू खालून कुणीतरी पाठ लावून उचलत होतं. फक्त तिची गल्ली फिकट होती आणि मधोमध तिचं घर निळंशार. एवढ्या पिवळ्यात तो एकच निळा ठिपका पाहून तिला बरं वाटायचं. आपलं तरी जागेवर आहे.

"गाव वर येतंय असं कधी कोणी ऐकलंय?" साहेब वैतागले. "सोमवारी पोर्टल लोकांपुढे जायचंय. वजाबाकी उलटी झाली असेल, बघा जरा."

तिने वजाबाकी पाहिली. सूत्रं पाहिली. रात्रंदिवस तेच डोक्यात. अख्खा प्रोग्राम ओळ न् ओळ उसवून परत शिवला. चूक सापडेना.

गावाच्या टोकाला टेकडीवर तिची आत्या राहायची. तिच्या घराचा आकडा सगळ्यात मोठा, एकसष्ट मिलिमीटर वर. हे तिला फोनवर सांगितलं तर आत्या म्हणाली, "अगं, वर जायची वेळ माझी झालीये हे मला माहीत होतं. पण घरासकट नेतायत होय? बरं झालं, भांडी आवरायला नकोत."

"आत्या, थट्टा नको गं. माझी नोकरी जाईल."

"मग सांगू का? एवढी गावभर चूक शोधतेस, ती तुझ्या काखेत असेल बघ. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लहानपणापासून तुझं हेच. माझं घर कातळावर आहे, पोरी. ते कुठे जातंय?"

शुक्रवारी दुपारी तीन वाजता, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने आपल्याच घरावर बोट ठेवलं. इतक्या दिवसांत ते तिने कधी उघडलं नव्हतं. जे ठीक आहे ते कोण उघडतंय?

अठरा आठवडे, अठरा ओळी. शून्य. शून्य. शून्य. शून्य.

तिने दवाखान्याची ओळ शेजारी लावून पाहिली. गावातली सगळ्यात पक्की इमारत ती, तरी वर जातानाही तिचा आकडा कधी अर्धा मिलिमीटर जास्त, कधी कमी. जमीन श्वास घेते, ऊन लागतं, पाऊस मुरतो. असं लख्ख शून्य कुठल्याच घराचं नसतं. इतकं स्तब्ध फक्त मेलेलं माणूस असतं.

मग तिने तो कोपऱ्यातला चौकोन उघडला, जो मोजणीदाराने भरायचा आणि तिने तपासायचा असायचा. 'मूळ खूण', म्हणजे सगळी मोजणी ज्या न हलणाऱ्या जागेपासून करायची ती. नियमाने तिथे टेकडीवरचा कातळ हवा होता. तिथे लिहिलं होतं, 'पायरीवरचा पितळी खिळा'.

ज्या पायरीवरून सगळं गाव मोजलं, ती पायरी शून्य धरली होती. पायरी हलत नाही असं मानलं होतं. ती खरंच हलते का, हे कुणी मोजलंच नव्हतं. आणि पायरीच खाली जात असेल तर तिथून पाहणाऱ्याला सगळं जग वर जातानाच दिसणार.

तिने आत्याचं घर शून्य धरलं आणि 'पुन्हा मोजा' दाबलं.

गावावरचा पिवळा रंग ओसरत गेला. बाजार निळा झाला, शाळा निळी, टाकी निळी. सगळं जिथल्या तिथे होतं, कायमच होतं. फक्त मधोमध एक लाल वाटी उरली, आणि वाटीच्या तळाशी तिचं घर. एकसष्ट मिलिमीटर खाली. त्यातले चौदा या एका आठवड्यातले.

घड्याळात पावणेचार झाले होते, आणि बाबा घरात एकटे होते.

*

घरचा फोन नुसता वाजत राहिला. तिने मोजणीदाराला लावला.

"कुठे आहात?"

"तुमच्या पायरीवर. आज लवकर आटपलं. बाबांना पट्टी धरायला हाका मारतोय, पण ते दार उघडत नाहीयेत. नुसतं आतून वाजवतायत."

"काय वाजवतायत?"

"टिचक्या. तीन… थांबा. आतून नाही येत." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "पायाखालून येतायत."

"पायरीवरून उतरा! ऐकताय का? घर खाली चाललंय. बाबांना बाहेर काढा… तुमची खूण खचतेय!"

पलीकडे पट्टी रस्त्यावर पडल्याचा खडखडाट झाला.

वीस मिनिटांची वाट ती दहा मिनिटांत धावली. भुरभुर पावसात सगळं गाव आपल्या जागी होतं, दुकानदार दारात, सायकली भिंतीला. तिलाच ते परकं वाटत होतं. गल्लीत वळली तर मोजणीदार खांद्याने दाराला धडका मारत होता. चौकट अशी आवळली होती की दार तसूभर हलत नव्हतं. खिडकीतून बाबा दिसत होते, खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसलेले.

"बाबा! खिडकीतून या! घर खचतंय!"

"माहितेय मला," बाबा म्हणाले.

"माहितेय?"

"नकाशातली रेघ दोन गल्ल्या आधी संपते. आम्ही तिथे थांबलो नव्हतो. शेवटच्या वर्षी इथपर्यंत खणलं होतं, या घराखालपर्यंत. नकाशावर काढायचं नाही म्हणाले मालक, नाही काढलं." ते खोकले. "मला वाटलं, माझ्या हयातीत धरेल. तुझी आई या घरात नांदली. मी कुठे जाऊ?"

फरशीखालून परत तीन टिचक्या आल्या. या वेळी त्या तिघांनीही ऐकल्या.

"बघ, बोलवतायत," बाबा हळूच हसले.

तिला रडू फुटत होतं, पण रडायला ही वेळ नव्हती. तिने खिडकीचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"बाबा, मी लहान असताना तुम्ही काय सांगायचात? खाणीत छत बोलायला लागलं की शहाण्याने काय करायचं?"

बाबांनी नजर फरशीकडे वळवली.

"सांगा ना! काय करायचं?"

"उत्तर देत बसायचं नाही," ते नाइलाजाने म्हणाले. "बाहेर पडायचं."

"मग?"

"आणि ते बोलवत नाहीयेत, बाबा," मोजणीदार धापा टाकत म्हणाला. "तीन म्हणजे माणूस आहे, वर घ्या. तुम्हीच यांना सांगितलंत. ते तुमच्याबद्दलच सांगतायत. आम्हाला."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग उठले, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ काढून काखोटीला मारलं आणि खिडकीशी आले. "आधी हे धर," ते मोजणीदाराला म्हणाले. "माझ्यापेक्षा हे नाजूक आहे."

साहेबांना फोन गेले, गल्ली रिकामी झाली, शेजारी पोराबाळांसकट चौकात जाऊन उभे राहिले. आणि संध्याकाळी सहा वाजता, शेवटचा आकडा घ्यायच्या वेळी, घर खाली बसलं. फार मोठा आवाज झाला नाही. थकलेल्या माणसाने हुश्श करून बसावं तेवढाच. आधी स्वयंपाकघर गेलं, मग न्हाणीघर, मग पुढची खोली. पायरी सगळ्यात शेवटी गेली. धूळ हळूहळू खाली बसली.

मग ती मोजणीदाराकडे वळली.

"मूळ खूण कातळावर घ्यायची असते ना?"

"हो."

"मग इथे का घेतलीत?"

त्याने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "जुना नकाशा म्हणत होता की या गल्लीखाली खाण नाही. पण ते कारण नाही. कातळावरून घेतली असती तर रोज सकाळ-संध्याकाळ टेकडी गाठावी लागली असती. मग तुमची पायरी रस्त्यात आली नसती… तुम्ही दिसला नसता."

"मी दिसावी म्हणून?" तिचा आवाज चिरकला. "तेवढ्यासाठी अख्खं गाव चुकीचं मोजलंत? माझे बाबा आत होते. निळं दिसतंय म्हणून मी निर्धास्त होते आणि बाबा आत होते!"

"हो," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"जा तुम्ही."

तो गेला. पट्टी रस्त्यावर पडली होती तशीच राहिली.

*

ती आणि बाबा आत्याकडे राहायला गेले. आत्याने घड्याळ भिंतीला लावलं आणि ते तिथे बिनबोभाट चालायला लागलं. बाबांना मात्र करमेना. "इथे कोणी वाजवत नाही," म्हणून ते दुपारी चारला अस्वस्थ व्हायचे.

पोर्टल सोमवारी खुलं झालं नाही. चार गल्ल्या रिकाम्या झाल्या, लोक शाळेत, नातेवाइकांकडे गेले. जीव कोणाचाच गेला नाही. मोजणीदाराने आपली चूक स्वतःच्या हाताने लिहून दिली, कारणासकट. साहेबांनी ते कारण दोनदा वाचलं, त्याला कडक ताकीद दिली आणि सगळं गाव नव्याने मोजायचा हुकूम काढला. कारण वाचून ते थोडे हसल्यासारखे दिसले, असं काका म्हणाले. पण काकांचं काय, त्यांचा गुडघाही खोटा.

तिचा राग दोन आठवडे टिकला. तिसऱ्या आठवड्यात तो पातळ व्हायला लागला आणि खालचं काहीबाही दिसायला लागलं. 'मूळ खूण' तपासायचं काम तिचं होतं. रकाना रिकामा राहिला तर अख्खी यादी परत पाठवणारी ती, तिने हा एक चौकोन अठरा आठवड्यांत एकदाही उघडला नव्हता. कारण तो उघडला असता तर आठ वाजताचं धुकं, ती पट्टी, पलीकडून येणारं "तुम्ही वाकड्या आहात", हे सगळं थांबलं असतं. हे तिला ठाऊक होतं. कुठेतरी आत पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आणि आता सकाळी आठ वाजले की ती उगीच दाराकडे बघायची. तिला त्याची आठवण यायची. येऊ नये असं ठरवूनही यायची.

अशाच एका सकाळी बाहेर पहिल्या दिवसासारखंच दाट धुकं होतं. आत्या चहा गाळत होती, बाबा खुर्चीत होते. आणि…

ठक. ठक. ठक.

आत्याच्या हातातली गाळणी थांबली. खाली कातळ होता, निव्वळ कातळ. खाली कोणी असूच शकत नव्हतं.

ठक. ठक. ठक.

बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. मग कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

"खालून नाही," ते म्हणाले. "दारावर आहे. पण अर्थ तोच. माणूस आहे… घे वर."

तिने दार उघडलं. धुक्यात आधी पट्टी दिसली, मग तो. तो वाळला होता. दाढीही वाढली होती.

"घराच्या मागे जो कातळ आहे," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "सरकारी मूळ खूण तिथे आहे. नवी मोजणी तिथूनच करायचीय. मी दुसरी जागा मागितली होती, साहेब नाही म्हणाले. नियम म्हणजे नियम." मग त्याने मान वर केली. "या वेळी मी नाही निवडली. तुम्हाला चालत नसेल तर मी दुसऱ्या मोजणीदाराला पाठवतो. पण आधी माफी मागायची होती. मला तुम्ही आवडता, हे खरं आहे. त्यापायी मी जे केलं ते चूक होतं, हेही खरं आहे. दोन्ही लिहून दिलंय."

"काका कुठायत?"

"गुडघा—"

"खरंच दुखतोय?"

"नाही," तो म्हणाला. "खोटं बोलायचं सोडलंय मी."

तिने चप्पल घातली आणि त्याच्या हातातली पट्टी घेतली. कातळ ओला होता, थंड, पायाखाली ढिम्म. जुन्या लोखंडी खुणेवर तिने पट्टी टेकवली. तो धुक्यात पलीकडे गेला. तिपाई उघडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या तेवढ्या वेळात तिला भीती वाटली, खरी भीती, की धुकं हटेल आणि तिथे कोणीच नसेल.

"आहेस ना रे?" तिने हाक मारली.

तो 'रे' त्यालाही ऐकू गेला असावा. उत्तर यायला वेळ लागला.

"आहे."

"सरळ आहे का?"

"पट्टी सरळ आहे."

"आणि मी?"

"उलटीच दिसतेस," पलीकडून आवाज आला, जरासा कापरा. "पण हलत नाहीयेस."

"ऐक मग. तो चौकोन मीही उघडला नव्हता. मला तू रोज यायला हवा होतास. चूक दोघांची आहे, आणि मला तू आवडतोस, आणि पुन्हा असं केलंस तर याच कातळावरून ढकलून देईन. कळलं?"

"कळलं." पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "आकडा घेतला. शेऱ्यात काय लिहू?"

घरातून बाबांचं घड्याळ आठचे टोल देत होतं, एकही न चुकता. तिने सगळे ऐकून घेतले.

"लिही, खूण पक्की. पट्टी धरणारी इथेच राहते."

"हा रकाना जनतेला दिसतो हं, नकाशाबाई."

"दिसू दे," ती म्हणाली.